क्योल्न, कोलोन, कोलोनिया: एका शहरनावाचं प्रकरण

जगाच्या नकाशाची मराठी नामसूची करताना ऱ्हाइनकाठच्या एका जर्मन शहरापाशी काम अडतं. मराठी मजकुरात हे शहर कोलोन, कलोन, केल्न, क्योल्न अशा वेगवेगळ्या नावांनी येतं आणि सूचीला मुख्य नोंद एकच लागते. अशा वेळी पहिला कौल बहुधा ठरलेला असतो: जर्मन लोक 'क्योल्न' म्हणतात, तेच खरं, इंग्रजांना ते जमलं नाही, म्हणून त्यांनी 'कोलोन' केलं.

हा कौल चुकीचा आहे. 'कोलोन' हे 'क्योल्न'चं बिघडलेलं रूप नव्हे. दोन्ही रूपं एकाच लॅटिन शब्दातून, वेगवेगळ्या वाटांनी आलेली आहेत आणि जुन्या रूपापासून सर्वांत लांब गेलंय ते खुद्द गावकऱ्यांच्या तोंडचं रूप.

चार शब्दांचं नाव, त्यातला एक उरला

रोमनांच्या काळात ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर उबी या जर्मानिक टोळीची वस्ती होती. आग्रिप्पा या रोमन सेनापतीने तिला तिथे वसवलं होतं. वस्तीत उबींची 'आरा' म्हणजे वेदी होती. याच ठिकाणी इ.स. 15 मध्ये धाकटी आग्रिप्पिना जन्मली आणि पुढे सम्राट क्लाउडियसची राणी झाली. इ.स. 50 मध्ये तिच्या आग्रहावरून सम्राटाने या वस्तीला रोमन नगराचा अधिकृत दर्जा दिला. नाव ठेवलं 'कोलोनिया क्लाउडिया आरा आग्रिप्पिनेन्सियुम'.

यातल्या प्रत्येक शब्दाचं काम वेगळं. 'कोलोनिया' हा दर्जा झाला, 'क्लाउडिया' दर्जा देणाऱ्याचं नाव, 'आरा' जागेची खूण आणि 'आग्रिप्पिनेन्सियुम' म्हणजे 'आग्रिप्पिनेच्या लोकांचं'. एवढं लांब नाव रोमनांनाही नेहमी परवडत नसे. शहराच्या उत्तर वेशीच्या कमानीवर फक्त चार आद्याक्षरं कोरली आहेत: सी, सी, ए, ए. तो दगड आजही तिथल्या रोमन-जर्मानिक संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

आता गंमत अशी की या चारांपैकी टिकला तो सर्वांत सामान्य शब्द. 'कोलोनिया' म्हणजे वसाहत; जमीन कसणे, वस्ती करणे या अर्थाच्या 'कोलेरे' या क्रियापदावरून आलेला. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीच्या पाटीवरची 'कॉलनी' याच शब्दाची नात. म्हणजे या महानगराचं नाव शब्दशः 'कॉलनी' एवढंच आहे.

असं सामान्य नाव टिकतं ते आसपास दुसरं तसं नाव उरलं नसेल तरच. इथे नेमकं तेच झालं. ऱ्हाइनच्या खालच्या अंगाला आणखी एक रोमन वसाहत होती, कोलोनिया उल्पिया ट्रायाना. ती मोडली. शेजारी हुतात्म्यांच्या थडग्यांभोवती नवं गाव उभं राहिलं आणि त्याचं नाव 'आद सांक्तोस' (संतांपाशी) यावरून क्सांटेन पडलं. तिथला 'कोलोनिया' शब्द संपला तसा या पट्ट्यात नुसतं 'कोलोनिया' म्हटलं की एकच शहर डोळ्यांपुढे येऊ लागलं. इंग्लंडमधल्या लिंकनची गत वेगळी. तिथे 'लिंडुम' हे जुनं नाव इतकं रुजलेलं होतं की 'कोलोनिया' शेपटासारखा त्याला चिकटला, आणि लिंकनमधला 'कन' म्हणजे त्याच शब्दाचा उरलेला तुकडा.

अर्थात 'कोलोनिया'चा विजय एका दिवसात झाला नाही. चौथ्या शतकातला इतिहासकार अम्मियानुस मार्केलिनुस याच शहराला 'आग्रिप्पिना' म्हणतो. दोन आखूड रूपं काही काळ शेजारी शेजारी चालत होती. पाचव्या शतकाच्या मध्यावर शहर फ्रँक या जर्मानिक टोळ्यांच्या हाती गेलं आणि त्यांच्या बोलीत शिरलं ते 'कोलोनिया'.

जर्मन तोंडात काय झालं

लॅटिनमध्ये शब्दाचा आघात 'लो'वर होता: को-*लो*-नि-या. जर्मानिक भाषांची सवय आघात पहिल्या अवयवावर (एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) टाकायची, म्हणून तो *को*-लो-नि-या झाला. या एका बदलातून पुढचं सगळं घडतं. आघात गेला की मधले आणि शेवटचे स्वर झिजायला लागतात. झिजता झिजता शेवटच्या भागातल्या 'इ'ने मागे वळून पहिल्या 'ओ'ला आपल्याकडे ओढलं. ओठ 'ओ'चे गोल राहिले, जीभ मात्र 'ए'च्या जागी सरकली. जर्मन लिपीत 'ओ'च्या डोक्यावर दोन टिंबं देऊन लिहितात तो हा स्वर. ज्या 'इ'ने हे केलं ती स्वतः नंतर गळून गेली. उरलं एकच अवयव: क्योल्न. लॅटिनची चार अवयवं एकात बसली.

ही मांडणी पटण्यासारखी आहे म्हणून खरी धरायची नाही. ती तपासण्याची रीत ठरलेली आहे: त्याच काळात, त्याच वाटेने आलेला दुसरा शब्द शोधायचा आणि त्याचंही तेच झालं का ते पाहायचं. इथे सर्वांत चोख साक्षीदार म्हणजे स्वयंपाकघर. लॅटिन 'कोक्विना', आघात 'क्वि'वर. जर्मनमध्ये आघात पुढे आला, 'इ'मुळे पहिला स्वर बदलला, शेपूट झिजलं आणि शब्द झाला 'क्यूखं'. डच भाषेत त्याचं 'क्योकन' झालं, आणि या शहराला डच लोक म्हणतात 'क्योलन'. दोन्ही शब्दांत तोच दीर्घ स्वर, शेवटी तोच '-अन'. लाटवियात स्वयंपाकघराचा बोलीतला शब्द 'क्येक्यिस' आणि शहर 'क्येल्ने'. तिथे गोल ओठांचा स्वर नाही, म्हणून त्याचा 'ए' झाला आणि त्या 'ए'पुढे 'क' तालव्य, म्हणजे 'क्य'सारखा झाला. तीन भाषांत हे नाव आणि स्वयंपाकघर हातात हात घालून चालले आहेत. आता या साखळीवर शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही.

शहरातल्या लोकांची स्वतःची बोली आहे, क्योल्श. तीत 'ल्न' या जोडाचा 'ल्ल' होतो आणि शहराचं नाव 'क्योल्लं' होतं. म्हणजे 'स्थानिक रूप वापरा' एवढं म्हणून भागत नाही. प्रमाण जर्मन आणि क्योल्श अशी दोन स्थानिक रूपं आहेत.

फ्रेंच वाट आणि पुस्तकी वाट

फ्रेंचमध्ये लॅटिनचा 'निया' नियमाने 'ञ' होतो. हिस्पानिया, ब्रितान्निया, बोनोनिया यांची एस्पाञ, ब्रताञ, बुलोञ ही रूपं याच साच्यातली. त्याच साच्यात कोलोनियाचं 'कॉलॉञ' होतं. इंग्रजीने हे फ्रेंच रूप स्पेलिंगसकट उचललं. 'ञ' इंग्रजांच्या जिभेवर टिकेना, त्याचा 'न' झाला आणि आघात दुसऱ्या अवयवावर राहिला: कलोन. इंग्रजी रूपाचा जर्मन 'क्योल्न'शी थेट संबंध नाही तो असा. मध्ययुगीन इंग्रजीत 'कोलेन'च्या जवळपास जाणारी रूपंही होती, पण पुढे फ्रेंच रूपाने त्यांना बाजूला सारलं.

या प्रकरणात हमखास फसवणारी जागा म्हणजे इटालियन आणि स्पॅनिश. दोन्हींत शहराचं नाव 'कोलोनिया', अगदी लॅटिनसारखं. वाटतं, इथे मूळ रूप तोंडोतोंडी जपलं गेलं. पण ध्वनिनियम लावून पाहा. स्पॅनिशमध्ये हिस्पानियाचं 'एस्पाञा' होतं. मग तोंडोतोंडी आलेल्या कोलोनियाचं 'कोलोञा' व्हायला हवं होतं. इटलीत 'कोलोञा' नावाचं गाव खरंच आहे (कोलोञा व्हेनेता), कारण ते नाव तिथल्या लोकांच्या तोंडून आलंय. ऱ्हाइनकाठच्या शहराचं नाव मात्र चर्चच्या आणि दरबारच्या लॅटिन कागदांतून घेतलं गेलं, म्हणून ते झिजलं नाही. नाव मुळासारखं दिसतंय एवढ्यावरून ते जुनं ठरत नाही. बऱ्याचदा ते पुस्तकातून उचललेलं असतं. पोलिश 'कोलोन्या' त्याच पुस्तकी घराण्यातलं.

पूर्वेकडची रूपं जर्मनवरून आली. रशियनमध्ये 'क्योल्न'. जपानीत गोल 'ए' नाही, आणि शेवटचा 'न' सोडला तर मोकळं व्यंजन चालत नाही, म्हणून 'केरुन'. लिथुआनियनने आपला पुल्लिंगी प्रत्यय लावून 'केल्नास' केलं. अरबीत मात्र 'कूलूनिया' आहे, लॅटिन घराण्यातलं.

अत्तराने केलेली दुसरी फेरी

1709 पासून या शहरात फरीना या इटालियन घराण्याचा सुगंधी पाण्याचा व्यापार सुरू झाला. त्या काळी युरोपातल्या बड्या लोकांची भाषा फ्रेंच, म्हणून माल 'ओ द कॉलॉञ' या फ्रेंच नावाने विकला गेला. अर्थ, कॉलॉञचं पाणी. बाटली जिथे जिथे पोचली तिथे शहराचं फ्रेंच नावही पोचलं, आणि कित्येक भाषांत शहराच्या नावाशी त्याची भेटच झाली नाही.

रशियनमध्ये शहर 'क्योल्न', पाणी 'ओदेकोलोन'. जपानीत शहर 'केरुन', पाणी 'ओदेकोरोन'. तुर्कीत शहर 'क्योल्न', पाणी 'कोलोन्या'. एकाच भाषेत एकाच गावाचे दोन शब्द, आणि बोलणाऱ्याला बहुधा त्यांचं नातं ठाऊक नसतं. मराठीतही हेच आहे: तापात कपाळावर ठेवायच्या घडीत 'यूडी कोलन' आणि नकाशात 'क्योल्न'. नामसूचीच्या कामात ही दुहेरी नोंद चूक समजून पुसायची नाही. उलट, शहराचं नाव त्या भाषेत दोनदा, दोन वेगळ्या काळांत आलं, याचा तो पुरावा आहे.

'सी' की 'के'

उच्चार स्थिर झाल्यावरही लिखाणाचं भांडण चालूच होतं. लॅटिनच्या प्रभावाने जुन्या कागदांत नावाचं पहिलं अक्षर 'सी'. शब्दलेखनाचे नियम ठरवणाऱ्या 1901 च्या बर्लिन परिषदेनंतर जर्मन लेखनाचा कल 'के'कडे गेला, पण या शहरासाठी प्रशियाच्या प्रशासनाने आदल्याच वर्षी 'सी'वर शिक्का मारला होता. जर्मन नौदलाची ऑगस्ट 1914 मध्ये हेल्गोलँडजवळ बुडालेली क्रूझर म्हणूनच 'सी'ने लिहिली जाते; 1928 मध्ये पाण्यात उतरवलेली त्याच नावाची क्रूझर मात्र 'के'ने. मधली तारीख 1 फेब्रुवारी 1919. त्या दिवसापासून शहराने अधिकृतपणे 'के' घेतला. तेव्हा महापौर होते कोनराड आडेनाउअर, जे पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर झाले. आज शहराच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे, आणि तिकिटावर छापला जाणारा त्या विमानतळाचा सांकेतिक शब्द 'सीजीएन' आहे, फ्रेंच-इंग्रजी रूपावरून घेतलेला, 'सी'ने सुरू होणारा! त्याच शहरातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर मात्र फक्त 'के'.

देवनागरीत हा सगळा वाद दिसतच नाही. 'सी' असो वा 'के', आपण 'क'च लिहितो. त्यामुळे जुन्या जहाजाचं नाव मराठीत देताना लेखनभेद महत्त्वाचा असेल तर तो शब्दांत सांगावा लागतो.

दोन टिंबांचा त्रास वेगळा. रोमन कळफलकावर टिंबं नसली की जर्मन रीत 'ओ'पुढे 'ई' लिहायची. नुसती टिंबं उडवून 'ओ' ठेवणं ही चूक, कारण त्याने वेगळाच स्वर लिहिला जातो. इंटरनेटवरच्या पत्त्यांसाठी या शहराला दोन शेपट्या मिळाल्या आहेत, एक 'ओई'वाली जर्मन आणि एक फ्रेंच-इंग्रजी रूपाची. जर्मन शब्दकोशांत टिंबांचा 'ओ' साध्या 'ओ'सारखा धरून क्रम लावतात, नावांच्या याद्यांत 'ओई' धरून. स्वीडिश क्रमात हे अक्षर वर्णमालेच्या अगदी शेवटी जातं. संगणकात तर हे अक्षर दोन तऱ्हांनी साठवलं जातं: एकसंध, किंवा 'ओ' आणि वरची टिंबं अशी दोन चिन्हं. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, आणि शोध घेताना एकाला दुसरं सापडत नाही. दोन स्रोतांतल्या याद्या जुळवण्याआधी सगळी नावं एकाच तऱ्हेत आणावीत, नाहीतर एकच शहर यादीत दोनदा येतं आणि का ते कळत नाही.

पुरावे कसे मांडायचे

अशा कामात प्रत्येक सापडलेल्या रूपाचं एक कार्ड करावं. त्यावर पाच गोष्टी: रूप जसं लिहिलंय तसं, वर्ष, कागदाची भाषा, कागद अस्सल की नक्कल, आणि ते रूप कोणत्या भाषेतून आलं असावं. चौथा रकाना टाळला जातो आणि घोटाळे तिथेच होतात. मध्ययुगातली पुष्कळ दानपत्रं फक्त नंतरच्या नकलांत उरली आहेत आणि नक्कल करणारा गावांची नावं आपल्या काळाची लिहून मोकळा होतो. अशा कागदावर मूळ दानपत्राचं वर्ष टाकलं की रूप शंभर-दोनशे वर्षं जुनं भासतं.

कागदाची भाषा न पाहण्याची चूक तितकीच महाग पडते. दहाव्या शतकात ऑटो नावाच्या राजांनी या शहरात पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर तीन ओळींत मजकूर आहे: वर 'एस', मधे 'कोलोनिया', खाली 'ए'. अर्थ, 'पवित्र कोलोनिया आग्रिप्पिना'. यावरून दहाव्या शतकात लोक 'कोलोनिया' म्हणत होते असं ठरवलं, तर घात. नाण्याची भाषा लॅटिन. बाजारात उभा असलेला माणूस तेव्हाच झिजलेलं रूप बोलत होता. लॅटिन कागद लॅटिनपुरता प्रमाण.

तिसरी चूक दिसण्यावरून जोडण्याची. बोहेमियातलं एल्बकाठचं 'कोलिन' आणि हे शहर चेक भाषेत अगदी एक दिसतात, म्हणून चेक लोक याला 'ऱ्हाइनवरचं कोलिन' म्हणतात. पण एल्बकाठच्या नावाचं मूळ स्लाव्ह आहे, रोमन नव्हे. परक्या नावाला घरच्या ओळखीच्या नावाचा अंगरखा चढवला, एवढंच. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला 'कॉलॉञ' नावाचं एक छोटं गाव आहे; ते तेराव्या शतकात आखून वसवलं गेलं आणि त्याला ऱ्हाइनकाठच्या शहराचं नाव मुद्दाम दिलं. इटलीत ब्रेशाजवळही एक 'कोलोञे' आहे. पोलिशमध्ये तर 'कोलोन्या' म्हणजे साधी वाडी, आणि खेड्यापाड्यांच्या नावांत हा शब्द जागोजागी आहे. यंत्राला पोलिश मजकुरातून हे शहर शोधायला लावलं तर हाती ढीगभर वाड्या लागतात. ऱ्हाइन, आर्चबिशप, कॅथेड्रल असा शेजारचा एखादा शब्द जुळल्याशिवाय नोंद पक्की धरू नये.

मराठी नोंदीचा निकाल

स्थानिक लोक वापरतात ते एंडोनिम आणि परक्या भाषेत रुळलेलं ते एक्झोनिम, हा भेद संयुक्त राष्ट्रांच्या भौगोलिक नावांच्या तज्ज्ञगटाचा. आंतरराष्ट्रीय कामात एंडोनिमकडे कल ठेवावा, अशी त्यांची दिशा आहे. मराठीत या शहरासाठी शतकानुशतकं मुरलेलं स्वतःचं रूप नाही. 'कोलोन' इंग्रजीतून आलेलं उसनं आहे. उसनंच घ्यायचं तर थेट घ्यावं, म्हणून मुख्य नोंद जर्मन उच्चाराची ठेवणं बरं.

मग तो स्वर कसा लिहायचा? 'कोल्न' लिहिलं तर जीभ मागे राहते. 'केल्न' लिहिलं तर ओठ गोल होत नाहीत. जपानी आणि लिथुआनियन यांनी तीच तडजोड केली. 'क्योल्न'मध्ये ओठ आणि जीभ दोन्हींची सूचना आहे, पण जर्मनमध्ये नसलेला 'य' आत येतो. रशियनांचीही हीच युक्ती. तिन्हींत 'क्योल्न' मला सर्वांत कमी वाईट वाटतं.

त्याची अडचण उच्चारापेक्षा विभक्तीत आहे. 'क्योल्नला', 'क्योल्नमध्ये' म्हणताना तीन व्यंजनं एकापाठोपाठ येतात आणि मराठी जीभ मधे एक 'अ' सोडते: क्योलनला, क्योलनमध्ये. डच 'क्योलन' आणि जुन्या जर्मन कागदांतली 'क्योलेन'सारखी रूपं इथून फार दूर नाहीत. बोलताना हा 'अ' येऊ द्यावा, लिहिताना 'क्योल्न' ठेवावं. शहराचं नाव 'कोलन' असं मात्र कुठेही लिहू नये; ते विरामचिन्हही आहे आणि मोठं आतडंही.

सूचीत नोंद मग अशी पडते. 'क्योल्न: जर्मनी, ऱ्हाइन नदीवर, लॅटिन कोलोनिया, इंग्रजी-फ्रेंच वाटेने कोलोन.' 'क'च्या क्रमात 'कोलोन: पाहा क्योल्न' आणि 'केल्न: पाहा क्योल्न' या दोन वाटा दाखवणाऱ्या नोंदी. रोमन काळाच्या नकाशावर 'कोलोनिया'च लिहायचं, कारण तेव्हा क्योल्न अस्तित्वातच नव्हतं. अत्तराच्या बाटलीवरचं 'कोलोन' तसंच ठेवायचं. आणि विमानतळाच्या तक्त्यात 'सीजीएन'समोर 'क्योल्न-बॉन' छापलं की मुद्रितशोधकाची खूण त्यावर पडणारच, म्हणून समासात आधीच लिहून ठेवावं: बरोबर आहे, बदलू नये.